सोसायटीत मी एकटाच कचरा वेगळा करतो, त्याचा उपयोग काय?

ठाण्यातल्या एका गृहस्थांनी विचारलंय. ६४ फ्लॅटची सोसायटी. हे तीन वर्षं घरात ओला-सुका वेगळा करतात, बाल्कनीत खत करतात. सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी कचऱ्याबद्दल काहीतरी टाकतात. त्यावर दोन अंगठे येतात, दर वेळी त्याच दोघांचे. गेल्या महिन्यात त्यांनी जिन्यातून पाहिलं, की त्यांनी वेगळा करून दिलेला कचरा खाली सगळ्यांच्या कचऱ्याबरोबर एकाच ड्रममध्ये पडतो. ते लिहितात, 'आपण करून दाखवलं की लोक शिकतात, असं लहानपणापासून ऐकत आलो. तीन वर्षांत एकही माणूस शिकला नाही. मी वेडा आहे का?'

वेडे नाही आहात. पण तुमचा प्रश्न मला जरा वेगळा मांडावासा वाटतो.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी पुण्यात सतरा वर्षं सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याचं काम करते. सुरुवात बँकेतली नोकरी सांभाळून केली, आता पूर्णवेळ हेच. चाळीसेक सोसायट्यांत खताचे हौद सुरू करून दिले. निम्म्याहून थोडे जास्त आज चालू आहेत, बाकीच्यांत मोडक्या कुंड्या नाहीतर मुलांच्या जुन्या सायकली पडल्यात. तेव्हा हे उत्तर जितकं जमलेल्या कामातून आलंय, तितकंच फसलेल्यातूनही.

तुम्ही म्हणता, लोकांनी तुमचं पाहून काही घेतलं नाही. मला वाटतं, लोकांनी काही पाहिलंच नाही. तुमचा कचरा वेगळा होतो तो ओट्याखाली आणि खत होतं ते बाल्कनीत, म्हणजे सगळं दाराच्या आत. शेजाऱ्यांपर्यंत काय पोचतं? ग्रुपवरचे मेसेज. त्यांच्या लेखी तुम्ही कचरा वेगळा करणारे नाहीच, कचऱ्यावर बोलणारे आहात. आणि बोलणाऱ्या माणसाला अंगठा दाखवून पुढे जायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

गाडगेबाबांची गोष्ट आपण शाळेत शिकलो, पण तिच्यातला क्रम विसरलो. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. रात्री समोर बसलेल्या माणसानं सकाळी त्यांना आपल्याच दारापुढची घाण काढताना पाहिलेलं असायचं, म्हणून तो कीर्तन ऐकायचा. आपल्याकडे खराटा दाराआड आणि कीर्तन ग्रुपवर. तेव्हा पहिलं काम म्हणजे महिना-दोन महिने ग्रुपवर कचरा हा शब्दच काढू नका. जड जाईल, मलाही गेलं होतं.

आता त्या ड्रमकडे येते, कारण खरी गाठ तिथेच आहे. एकत्र पडणारा कचरा पाहून तुम्हाला राग आला असेल. बहुतेकांना येतो, आणि मग ते कामगाराला सुनावतात. तसं केलं असेल तर ते आधी निस्तरा. आणि एक आठवडा रोज सकाळी तो येतो त्या वेळी खाली जाऊन त्याच्याबरोबर फिरा. तपासायला म्हणून नको, सोबत म्हणून.

मी कोथरूडच्या एका इमारतीत असे पाच दिवस फिरले होते. ढकलगाडीवर एकच ड्रम होता. लिफ्टमध्ये कचरा न्यायला बंदी, त्यामुळे तो माणूस प्रत्येक मजल्यावरून बादल्या उचलून जिन्यानं उतरायचा. एकूण वेळ सव्वा तास, कारण त्यानंतर त्याला बावीस गाड्या पुसायच्या असत. कुणी वेगळा दिलेला कचरा वेगळा ठेवायचा म्हटलं तर ठेवणार कुठे? हातात दोन बादल्या, खाली एक ड्रम. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तिसऱ्या दिवशी त्यानंच सुचवलं, 'मॅडम, गाडीच्या दांड्याला पोतं अडकवलं तर होईल.' तांदळाचं रिकामं पोतं आणि हार्डवेअरच्या दुकानातले दोन आकडे. सुका कचरा पोत्यात, ओला ड्रममध्ये. सोसायटीच्या दोन सभांत सुटला नव्हता तो प्रश्न दोन आकड्यांवर सुटला.

त्या पाच दिवसांत आणखी एक गोष्ट बघितली, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. एका घराच्या पिशवीत दाढीचं ब्लेड कागदात न गुंडाळता टाकलेलं होतं. त्यानं पिशवी दाबून ड्रममध्ये ढकलली आणि हात मागे घेतला. बोटाला रक्त. नळाखाली बोट धरलं, चड्डीला पुसलं आणि पुढची बादली उचलली. मी विचारलं, तर म्हणाला, 'आठवड्यातनं एकदा होतंच.' कचरा वेगळा करणं म्हणजे पर्यावरण, पृथ्वी वगैरे असं मी तोवर समजत होते. त्या दिवसापासून माझ्यासाठी ते आधी कुणाच्या तरी बोटाचं प्रकरण झालं. लोकांशी बोलायची वेळ आलीच तर मी आता पृथ्वीचं नाव काढत नाही. ब्लेड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करा एवढंच सांगते, आणि का ते सांगते.

हे काम कोणत्या जातींच्या वाट्याला आलं, हे सोसायटीच्या सभेत कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. आपला कचरा आपण हाताळायचा नाही, ही सवय नुसत्या आळसातून आलेली नाही. म्हणून तुमच्या स्वच्छ कपड्यांतला हात त्या ड्रमला लागताना शेजाऱ्यांनी पाहणं, याला शंभर मेसेजपेक्षा जास्त वजन आहे.

इथे मला नेहमी अप्पासाहेब पटवर्धन आठवतात, कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागून घेतलं. ब्राह्मण कैद्याला ते काम देत नाहीत म्हटल्यावर अन्न सोडलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास सुरू केला. ही झाली उदाहरण घालून देण्याची बाजू, आणि ती बरेच जण सांगतात. मला जास्त मोलाची वाटते ती पुढची. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडासाची अशी रचना बसवली, की मैल्याचं जागेवरच खत व्हावं, तो कुणाला डोक्यावरून वाहावा लागू नये. 'मी उचलतो, तुम्हीही उचला' यावर ते थांबले नाहीत. उचलावंच लागणार नाही अशी सोय त्यांनी करून ठेवली. चांगल्या माणसाचं अनुकरण चार जण करतील. सोय केलीत तर चाळीस जण वापरतील, त्यातल्या निम्म्यांना तुमचं नावही माहीत नसेल. तुमच्याकडची ती सोय म्हणजे ते पोतं.

कामगाराला यात काय मिळतं, हेही बघा. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते. तिथे सुका कचरा विकून आलेले पैसे त्या ताईचे. त्यामुळे पुठ्ठा खरकट्यात भिजला तर तिचं सरळ नुकसान होतं, आणि ती स्वतःच दारात उभी राहून घरच्यांना सुनावते. माझ्यापेक्षा चांगलं सुनावते. तुमच्याकडे ठेकेदाराचा माणूस असेल, तर वेगळा करून त्याला एक रुपया जास्त मिळत नाही, फक्त वेळ जास्त जातो. मग सेक्रेटरींशी एवढंच ठरवून घ्या की भंगाराचे पैसे त्याचे. ते फार नसतात, पण त्याचे असतात. आणि हातमोजे द्या, पण रबरी नकोत. घामानं बोटं पांढरी पडतात म्हणून ते तो दुसऱ्या दिवशी खिशात ठेवतो. तळव्याला रबर आणि वर कापड असलेले मिळतात, ते आणा.

आता शेजारी. इथे बहुतेक जण चूक करतात ती अशी, की ते घराच्या मालकाशी बोलतात. आपल्या इमारतींमध्ये भाजी चिरतं कोण, ताटं खरवडतं कोण, केर काढतं कोण? बऱ्याच घरांत मावशी. साल कोणत्या डब्यात पडणार, हे साहेब सभेत ठरवत नाहीत, मावशी सिंकपाशी ठरवतात. आणि एक मावशी एकाच इमारतीत चार-पाच घरं करते.

सिंहगड रोडच्या एका सोसायटीत मी चार महिने पत्रकं वाटली, चित्रांसकट. सात घरं तयार झाली, त्यातली दोन गळली. मग एका मावशींनीच विचारलं, 'ताई, तुम्ही बाईसाहेबांना काय सांगताय? डबा तर मी भरते.' त्यांना मी एकदा हौद दाखवला, खत हातात दिलं. त्यांनी त्यांच्या पाच घरांत सिंकखाली दोन डबे मागून घेतले. एका घरात दुसरा डबा मिळाला नाही, तर स्वतःच श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन ठेवला. दिवाळीपर्यंत त्यांच्या दोन मैत्रिणींची घरं जोडली गेली. त्या सोसायटीला पुढे बक्षीस मिळालं तेव्हा स्टेजवर कमिटी होती. मावशी चौथ्या मजल्यावर भांडी घासत होत्या. याची मला अजून लाज वाटते, कारण बोलावण्यांची यादी मीच केली होती.

तेव्हा तुमच्या घरी मावशी येत असतील, तर सुरुवात त्यांच्यापासून. शिकवायला जाऊ नका, त्यांना काय अडतं ते विचारा. बहुधा उत्तर येईल, 'डबा उंच आहे, हात पोचत नाही' किंवा 'पिशवी लावायची नाही म्हणता, मग डबा रोज धुणार कोण?' डब्यात खाली वर्तमानपत्र घाला. कागद ओल्याबरोबर खतात जातो, डबा धुवायला लागत नाही. असल्या बारक्या गोष्टींवर सगळं अडलेलं असतं.

नंतर तुमचा मजला. चार-पाच दारं असतील. कमिटीकडे जाण्याआधी इथे दोन घरं मिळवा, जिथे एरवीही वाटीभर साखरेची देवाणघेवाण आहे अशी. तुमचा ओला डबा रात्री घराबाहेर, जिन्यापाशी दिसेल असा ठेवा, झाकण घट्ट असलेला. आठवड्यानं कुणीतरी विचारेलच, 'वास नाही येत?' तेव्हा झाकण उघडून दाखवा आणि दोन वाक्यांत थांबा. माणसानं विचारलं की त्याला उत्तर हवं असतं, व्याख्यान नको असतं. मला हे कळायला पाच वर्षं लागली.

काय करू नये तेही सांगते, कारण ते मी केलंय. एका सोसायटीत आम्ही कचरा न वेगळा करणाऱ्या घरांच्या दारावर लाल स्टिकर लावले. तीन आठवड्यांत आकडे झकास सुधारले आणि मी खूश. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला आत बोलावलं. आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळलेले. दिवसाला चार डायपर, एकटं माणूस, सांधे धरलेले. 'मला नाही होत गं वेगळं करायला,' म्हणाल्या, 'पण दारावर लाल लावल्यापासून शेजारचा मुलगा यायचा बंद झालाय.' स्टिकर मी त्याच दिवशी सगळ्या दारांवरून काढले. नखांनी खरवडून, गोंद निघत नव्हता. तेव्हापासून कुणाचं नाव किंवा फ्लॅट नंबर कुठल्याही फळ्यावर लिहीत नाही. पूर्ण इमारतीचा आकडा मात्र लिहावा. लिफ्टजवळ खडूनं नुसतं 'आजचा ओला कचरा: १९ किलो'. काट्यावर रोज वजन करा. माझ्या नोंदींत चार माणसांच्या घरातून रोज साधारण पाऊण किलो ओला निघतो, आंब्याच्या दिवसांत दीडपट. आकडा वाढला की लोक आपसात बोलतात, आणि ते बोलणं तुमच्या तोंडून आलेलं नसतं.

खताबद्दल थोडक्यात, कारण ते पुढचं पाऊल आहे आणि लोक ते आधी टाकतात. कमिटीला उत्साह आला की ती मशीन आणते. माझ्या एका सोसायटीनं काही लाखांचं विजेचं मशीन आणलं, चोवीस तासांत खत देणारं. चोवीस तासांत खत होत नाही, कचरा वाळतो. तो कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतो आणि वास मारतो. वर्षभरात मोटर गेली, आता त्यावर वॉचमनचा रेडिओ असतो. त्यापेक्षा हवा खेळेल असे जाळीचे पिंजरे घ्या. थर ओल्याचा, वर तितकाच वाळक्या पाचोळ्याचा, मधेमधे आंबट ताक शिंपडा किंवा जुनं खत पसरा. ढीग आतून गरम लागला की समजा कामाला लागलाय. मूठभर घेऊन घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाचोळा कमी, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही, ढीग वरखाली करा. नाकात झोंबणारा वास म्हणजे ओला कचरा जास्त, पाचोळा वाढवा. आणि जाड करड्या अळ्या दिसल्या की कमिटीत घबराट होते. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, घरात घुसत नाहीत, उलट कचरा झपाट्यानं खातात. पण हे सभेत समजावून कुणाला पटत नाही. मी एक अळी तळहातावर ठेवते आणि गप्प उभी राहते.

हे सगळं तुमच्याकडे चालेलच असं मी म्हणणार नाही. निम्मे फ्लॅट भाड्यानं दिलेले असतील आणि माणसं अकरा महिन्यांत बदलत असतील, तर प्रत्येक नव्या घराला पहिल्या दिवशी डबा आणि मावशींची ओळख लागेल, म्हणजे काम कधी संपतच नाही. पालिकेची गाडी ओला-सुका एकत्रच नेत असेल, तर निदान ओल्याची जिरवणूक आवारात करावी लागेल, नाहीतर तुमच्या पोत्याची मेहनत गेटबाहेर वाया जाईल. वर्सोव्याच्या किनाऱ्याचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. अफरोज शाह या वकिलानं २०१५ मध्ये एका वयस्कर शेजाऱ्याला बरोबर घेऊन तिथे कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो लोक आले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. पण मध्येच, २०१७ मध्ये, त्यांनी काम काही काळ थांबवलंही होतं. दमदाटी होत होती आणि गोळा केलेला कचरा उचलला जात नव्हता. इतकी माणसं पाठीशी असूनही पुढची कडी तुटली की असं होतं. तुमच्या चौसष्ट फ्लॅटमध्ये ती कडी तुलनेनं सोपी आहे, एवढं सुदैव.

कायद्याचं बोट शेवटी धरा. कचरा वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून प्रत्येक घराला बंधनकारक आहे, हे सेक्रेटरींना एकदा सांगून ठेवा, पण इमारतीतली वीसेक घरं सुरू झाल्यावर. आधी सांगितलंत तर तुम्ही तक्रारखोर ठरता. नंतर सांगितलंत तर त्यांना उरलेल्यांना सांगायला एक आधार मिळतो.

तेव्हा या आठवड्यात ड्रमबरोबर फिरणं आणि पोतं. पुढच्या पंधरवड्यात मावशी आणि मजल्यावरची दोन घरं. कमिटी, हौद, नियम हे सगळं त्यानंतर.

आणि ते तीन वर्षांचं खत बाल्कनीत ठेवू नका. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, भाजीवाला येतो त्या वेळी, ते खाली गेटजवळ आणा आणि झाडाखाली बसून चाळा. येणारे-जाणारे थांबतील. कुणीतरी तुळशीला मूठभर मागेल, त्याला दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून द्या. बरोबर पत्रक देऊ नका. चाळणी वाळूची घ्या, पिठाची घेतलीत तर दुपार होईल.